पहिली थाळी कोणती घ्यावी?

बालमित्रांनो, थाळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वरण-भात, लिंबाची फोड, कोपऱ्यात चटणी! पण आज मी तुम्हाला वेगळ्याच थाळीची गोष्ट सांगणार आहे. या थाळीत जेवता येत नाही. ही थाळी हातातून सुटली की गरगर फिरत, वाऱ्यावर स्वार होत लांब जाऊन पडते. बरोबर ओळखलंत! थाळीफेकीची थाळी.

शाळेच्या क्रीडामहोत्सवात तुम्ही ती पाहिली असेल. तुमच्यापैकी कुणाला ती हातात घ्यावीशीही वाटली असेल. मग घरी जाऊन तुम्ही म्हणता, "आई, मला थाळी हवी." आई विचारते, "कसली थाळी?" आणि खरी अडचण इथंच सुरू होते. कारण थाळ्या अनेक प्रकारच्या असतात, आणि पहिली थाळी चुकली तर खेळच नकोसा होतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून ही चूक घडली आहे. आधी ती चूक सांगते.

बाईंची चूक

मी पुण्यातल्या एका शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. उंच, काटक, वर्गात फारसं न बोलणारी. मैदानावर मात्र तिचा हात असा काही चालायचा की चेंडू कुंपणापलीकडे! मी तिला म्हटलं, "तू थाळीफेक कर. बाबांना सांग, एक थाळी आणा म्हणून."

झालं! एवढंच सांगितलं मी. कोणती थाळी, किती वजनाची, कशाची, काहीही सांगितलं नाही.

तिच्या बाबांची भाजीची हातगाडी होती. त्यांनी आठवडाभर पैसे बाजूला टाकले आणि दुकानात गेले. दुकानात दोन थाळ्या होत्या. एक लहान, एक मोठी. किमतीत फरक थोडाच. त्यांनी मोठी घेतली. त्यांचा हिशेब सरळ होता. थोड्या जास्त पैशांत दुप्पट माल!

दुसऱ्या दिवशी ती मुलगी थाळी दप्तरात घालून आली. खांदा एका बाजूला झुकलेला. मी थाळी हातात घेतली आणि माझाच हात खाली गेला. ती २ किलोची थाळी होती. म्हणजे जगातले मोठमोठे पैलवानी देहाचे पुरुष ऑलिंपिकमध्ये फेकतात ती!

तिला फेकून बघायची भारी हौस. मीही म्हटलं, बघ एकदा. पहिल्याच फेकीत थाळी बोटांतून निसटून पायापासून हातभर अंतरावर आदळली. दुसरी फेक वेडीवाकडी गेली. तिसऱ्या फेकीला मनगट दुखावलं. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, मला नाही जमत हे."

दोस्तांनो, हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. कारण बऱ्याचदा मुलाला जमत नसतं असं नाही. त्याच्या हातात दिलेली वस्तूच त्याच्यासाठी नसते. दोष वस्तू निवडणाऱ्याचा, आणि "मला येत नाही" असं वाटतं मात्र मुलाला. त्या दिवशी वस्तू निवडली होती तिच्या बाबांनी, पण चूक माझी होती.

मग मी आमच्या क्रीडाशिक्षकांकडे गेले. चार पुस्तकं वाचली. सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन सराव करणाऱ्या मोठ्या मुलांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासाठी.

ऑलिंपिकमध्येही झाली होती हीच चूक!

माझं मन थोडं हलकं झालं ते एक जुनी हकिकत वाचून.

१८९६ साली ग्रीसमधल्या अथेन्स शहरात आधुनिक काळातलं पहिलं ऑलिंपिक भरलं. थाळीफेक हा प्राचीन ग्रीकांचा खेळ. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा रॉबर्ट गॅरेट नावाचा विद्यार्थी त्यात भाग घ्यायला निघाला. पण अमेरिकेत तेव्हा हा खेळ कुणी खेळतच नव्हतं! खरी थाळी त्यानं कधी पाहिलीही नव्हती. मग त्यानं जुन्या वर्णनांवरून अंदाजानं एक लोखंडी थाळी बनवून घेतली. ती इतकी जड झाली की धड फेकताच येईना. बिचाऱ्यानं थाळीफेकीचा नाद सोडून दिला.

अथेन्सला पोहोचल्यावर त्याला खरी थाळी दिसली. बघतो तर काय, ती अवघी २ किलोंच्या आसपास! त्यानं एक मागून घेतली, थोडा सराव केला आणि स्पर्धेत उतरला. आणि चक्क यजमान ग्रीकांना मागे टाकून पहिला आला. त्याची फेक होती २९.१५ मीटर.

माणूस तोच. हात तोच. फक्त थाळी बदलली. आलं ना लक्षात?

पहिली पायरी : वजन

थाळी निवडताना पहिला प्रश्न वजनाचा. आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत :

पुरुषांसाठी २ किलो.
२० वर्षांखालच्या मुलांसाठी १.७५ किलो.
१८ वर्षांखालच्या मुलांसाठी १.५ किलो.
महिला आणि मुली, सर्वांसाठी १ किलो.

पुन्हा एकदा वाचा. मोठ्या महिला खेळाडूसुद्धा १ किलोचीच थाळी फेकतात! म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या हातात मी जी थाळी येऊ दिली, ती तिला आयुष्यात कुठल्याच स्पर्धेत लागणार नव्हती.

आता एक गंमत. १९८८ साली तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या गॅब्रिएल राइन्श हिनं ७६.८० मीटर फेक करून विश्वविक्रम केला. आणि २०२५च्या एप्रिल महिन्यात लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना यानं पुरुषांचा विश्वविक्रम केला तो ७५.५६ मीटरचा. म्हणजे महिलेची फेक पुरुषाच्या फेकीहून लांब! असं कसं? कारण एकच, थाळीचं वजन निम्मं. हलकी थाळी हातातून जास्त वेगानं सुटते.

तुम्ही दहा ते चौदा वर्षांचे असाल, तर मुलगा असो की मुलगी, १ किलोपेक्षा जड थाळीला हात लावू नका. अंगानं लहान असाल तर त्याहूनही हलकी चालेल. काही देशांत लहान मुलींच्या स्पर्धा पाऊण किलोच्या थाळीवर होतात. तुमच्या वयोगटाच्या स्पर्धेत कोणती थाळी चालते, ते मात्र खरेदीआधी क्रीडाशिक्षकांना विचारून घ्या. नियम त्यांच्याकडे असतात.

दुसरी पायरी : तुमचा पंजा

वजनाबरोबर आकारही बदलतो. पुरुषांच्या थाळीचा व्यास २१९ ते २२१ मिलिमीटर असतो, तर १ किलोच्या थाळीचा १८० ते १८२ मिलिमीटर. फरक सुमारे ४ सेंटिमीटरचा. पट्टी घेऊन वहीवर दोन्ही वर्तुळं काढा आणि त्यांवर आपला पंजा ठेवून बघा. फरक लगेच कळेल.

दुकानात गेल्यावर थाळी डाव्या हातावर आडवी धरा. (डावखुऱ्यांनी उलट करायचं.) उजवा पंजा तिच्यावर पसरा. बोटं थोडी फाकलेली. चारही बोटांचं शेवटचं पेर थाळीच्या कडेवरून खाली वळलं पाहिजे. अंगठा कडेवर नाही, तर थाळीच्या पाठीवर मोकळा. आता बघा, फक्त नखंच कडेपर्यंत पोहोचत असतील तर थाळी तुम्हाला मोठी आहे.

एक प्रश्न तुम्हाला पडेल. अशा पकडीत थाळी खाली पडणार नाही का? हात नुसता लोंबता ठेवला तर पडू शकते. पण हात गोल फिरवला की ती बोटांना चिकटून राहते. पाण्यानं भरलेली बादली भराभर गोल फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच. म्हणून थाळी आवळून धरायची नसते. आवळून धरली की ती सुटताना अडखळते आणि हवेत डगमगते.

तिसरी पायरी : वजन आहे कुठे?

हा भाग जरा डोकं लावून वाचा, कारण बहुतेक मोठ्यांनाही तो ठाऊक नसतो.

१ किलोच्या दोन थाळ्या. वजन सारखं, आकार सारखा. तरी एक नवशिक्यासाठी आणि दुसरी कसलेल्या खेळाडूसाठी असू शकते! फरक असतो वजन कुठे भरलंय त्याचा. मध्यभागी, की कडेला?

एक प्रयोग करू. जाड पुठ्ठ्याच्या सारख्या मापाच्या दोन गोल चकत्या कापा. दोन्हींच्या मधोमध छोटी पेन्सिल खोचून भिंगरी बनवा. आता आठ सारखी नाणी घ्या. पहिल्या चकतीवर चार नाणी मध्याजवळ चिकटवा. दुसरीवर चार नाणी कडेला, समान अंतरावर चिकटवा. दोन्ही भिंगऱ्या फिरवून बघा.

काय दिसलं? कडेला नाणी असलेली भिंगरी फिरवायला बोटांना जास्त जोर लागतो. पण एकदा फिरली की बराच वेळ फिरत राहते. मधे नाणी असलेली भिंगरी सहज फिरते, पण लवकर थकते.

थाळीचंही अगदी तसंच आहे. मोठ्या खेळाडूंच्या थाळीत बहुतेक वजन धातूच्या कडेत असतं. ती खूप वेळ न डगमगता फिरते आणि म्हणून लांब जाते. पण तिला तशी फिरकी द्यायला बोटांत जोर आणि फेकीत सफाई हवी. नवशिक्यानं ती फेकली तर फिरकी अपुरी पडते, थाळी हवेत थरथरते आणि धपकन खाली येते. उलट, ज्या थाळीचं वजन मध्यभागाकडेही वाटलेलं असतं, ती थोडक्या जोरात फिरते आणि चुका पोटात घालते.

म्हणून दुकानदार म्हणाला, "ही घ्या, हिची कडा जड आहे, मोठे खेळाडू हीच वापरतात," तर त्याला नम्रपणे सांगा, "काका, मी अजून छोटा खेळाडू आहे. मला साधी द्या."

चौथी पायरी : रबर, लाकूड की धातू?

शाळकरी मुलांसाठी मला विचाराल तर पहिली थाळी रबराची. ती सगळीकडून एकाच पदार्थाची असते, त्यामुळे वजन कडेला साठलेलं नसतं. आपल्या शाळांची मैदानं कशी असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठे मुरूम, कुठे फरशी, कुठे कुंपणाची भिंत. रबरी थाळी आपटली तरी तिला टवका उडत नाही, पावसात भिजली तरी बिघडत नाही. सहसा ती स्वस्तही असते.

लाकडी थाळीला भोवती धातूची कडी असते. हातात ती छान बसते, पण ओलीत ठेवली तर लाकूड फुगतं. सराव झाला की कोरड्या फडक्यानं पुसायची आणि कोरड्या जागी ठेवायची. प्लॅस्टिकच्या बाजू आणि धातूची कडा असलेल्या थाळ्याही मिळतात. त्या नंतरच्या, हात बसल्यावरच्या.

थाळी घेताना चार गोष्टी तपासा. कडेवरून बोट हळूच फिरवा, कुठे खरखरीत किंवा धारदार नको. थाळी कानाजवळ हलवा, आत काही खुळखुळायला नको. नाण्यासारखी तिला फरशीवर कडेवर उभी करून हळूच गिरकी द्या, वाकडी असेल तर लगेच दिसेल. आणि शेवटचं, वजनकाट्यावर ठेवून बघा. छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका!

परदेशातली चुलतबहीण

अमेरिकेत थाळीची एक चुलतबहीण आहे. तिथं कनेटिकट राज्यात फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती. तिच्या पायच्या रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकून खेळायचे. पुढे प्लॅस्टिकची चकती निघाली आणि तिलाही तेच नाव चिकटलं. तीच ती फ्रिस्बी!

या चकतीनं तिकडे गोल्फसारखा खेळ खेळतात. चेंडू आणि काठीऐवजी चकती, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पाडायची. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्क इथं या खेळाचं पहिलं कायमचं मैदान तयार झालं. या खेळात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या चकत्या असतात. जवळून टोपलीत टाकायची वेगळी, मधल्या अंतराची वेगळी आणि सगळ्यांत लांब जाणारी वेगळी. या लांब जाणाऱ्या पातळ कडेच्या चकतीला तिकडे ड्रायव्हर म्हणतात.

आणि गंमत बघा. तिथल्या मुलांचीही हीच चूक होते! सर्वांत वेगवान ड्रायव्हर विकत घेतात आणि मग ती लगेच डावीकडे वळून जमिनीवर आपटते. कारण त्या चकतीला जेवढा वेग लागतो तेवढा वेग नवशिक्याच्या हातात नसतो. तिकडच्या अनेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आणि चौथा वळण्याचा. तिथले जाणकार नवशिक्याला सांगतात, वेगाचा आकडा सहा-सातच्या आसपास ठेवा, बारा-तेराच्या मागे लागू नका, आणि चकती हलकी, १५० ते १६५ ग्रॅमची घ्या.

तुमचे कुणी दादा-ताई अमेरिकेत असतील आणि त्यांनी तशी चकती पाठवली, तर हे ध्यानात ठेवा. देश वेगळा, खेळ वेगळा, पण धडा एकच. जी वस्तू थोरांच्या हातात शोभते, ती थोरली होईपर्यंत थांबू द्यावी!

थाळी येण्याआधीच सराव

आता पुन्हा माझ्या विद्यार्थिनीकडे येऊ. मनगट बरं झालं, पण थाळी परत करायची कशी? तिच्यावर ओरखडे पडले होते. दुकानदार परत घेईना, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. मी तिच्या बाबांना भेटले आणि सांगितलं, "चूक माझी आहे. मी नीट सांगायला हवं होतं." मी पैसे पुढे केले, पण त्यांनी ते घेतले नाहीत. ते हसून म्हणाले, "बाई, मी बटाटे घेतल्यासारखी थाळी घेतली!"

लगेच दुसरी थाळी घेणं त्यांना शक्य नव्हतं. मग आम्ही काय केलं? आमच्या शाळेत रिंग टेनिसच्या रबरी रिंगा होत्या. तुमच्याही शाळेत असतील. पावसाळाभर तिनं व्हरांड्यात आणि उघडीप मिळाली की मैदानावर त्या रिंगेवरच सराव केला. तुम्हीही करू शकता :

१. रिंग किंवा थाळी हातात घेऊन हात नुसता मागे-पुढे झुलवा. सोडायची नाही. हाताला झोक्याची सवय होऊ दे.

२. मित्र समोर दहा पावलांवर. वाकून थाळी जमिनीवरून चाकासारखी त्याच्याकडे गडगडत सोडा. सर्वांत शेवटी ती तर्जनीवरून सुटली पाहिजे. सरळ गेली म्हणजे जमलं! करंगळीकडून सुटली तर भलतीकडेच जाईल.

३. थाळी सरळ वर उडवा, डोक्याच्या थोडी वर. उजव्या हातानं सोडलेली थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरायला हवी. लगेच बाजूला व्हा आणि ती जमिनीवर पडू द्या. झेलायची नाही!

४. मग जागेवर उभं राहून फेक. जोर पायांपासून सुरू होतो, कमरेतून वर येतो आणि हात सर्वांत शेवटी येतो.

५. गिरकी घेऊन फेकणं मात्र काही महिने विसरा. ते मोठ्यांना बघायला ठेवा.

वारा मित्र की शत्रू?

संक्रांतीला पतंग उडवताना तुम्ही पाहिलं असेल. समोरून वारा आला की पतंग वर चढतो. थाळीही काहीशी तशीच. समोरून येणारा बेताचा वारा तिला खालून आधार देतो. धावणाऱ्याला समोरचा वारा नकोसा वाटतो, पण थाळी फेकणारा त्याचं स्वागत करतो! अलेक्नानं तो ७५.५६ मीटरचा विक्रम केला ते अमेरिकेतलं रमोना हे ठिकाण अशा वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पण हा फायदा कधी मिळतो? थाळी न डगमगता फिरली तरच. डगमगणाऱ्या थाळीला वारा उलट आडवं पाडतो.

पुण्यात उंचावलेला तिरंगा

आपल्या पुण्याचं आणि थाळीचं एक सुरेख नातं आहे. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल तुम्ही पाहिलं असेल. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभं राहिलं. २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आणि जुलै २०१३ मध्ये तिथंच आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भरल्या.

त्या स्पर्धेत विकास गौडा नावाच्या उंचापुऱ्या भारतीय खेळाडूनं थाळी ६४.९० मीटर फेकली आणि सुवर्णपदक जिंकलं. पुण्याच्या मैदानावर! म्हैसूरला जन्मलेला विकास लहानपणीच अमेरिकेला गेला आणि तिथंच वाढला, पण खेळला भारतासाठी. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, त्यानं ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही सुवर्ण मिळवलं.

मुलींनो, तुमच्यासाठी तर याहून मोठी गोष्ट आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या थाळीफेकीत तिन्ही पदकं भारतानं जिंकली! कृष्णा पुनियाला सुवर्ण, हरवंत कौरला रौप्य आणि सीमा अंतिलला कांस्य. एकाच वेळी तीन तिरंगे वर चढत होते. कृष्णा पुनियाची फेक होती ६१.५१ मीटर.

आणि योगेश कथुनिया? लहानपणीच्या आजारानं त्याच्या पायांतली ताकद गेली. त्यानं बसून थाळी फेकायला सुरुवात केली आणि टोकियो व पॅरिस, अशा दोन पॅरालिंपिक स्पर्धांत रौप्यपदकं जिंकली. म्हणजे "मला जमत नाही" म्हणण्याआधी "माझ्यासाठी योग्य रीत कोणती?" असं विचारायचं.

सर्वांत महत्त्वाचं : सुरक्षितता

पालकहो, हा परिच्छेद तुम्ही मुलांबरोबर बसून वाचा.

थाळी हे खेळणं नाही. १ किलोची वस्तू वेगानं डोक्याला लागली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून गल्लीत, सोसायटीच्या आवारात, गच्चीवर थाळी कधीही फेकायची नाही. टेकडीवरही नाही, कारण सकाळ-संध्याकाळ तिथं लोक फिरायला येतात. शाळेचं मैदान किंवा खेळाचं मैदान, आणि तेही शिक्षक किंवा मार्गदर्शक हजर असतानाच.

फेकणाऱ्याच्या समोर आणि बाजूला कुणीही नको. सगळ्यांनी मागे, लांब उभं राहायचं, कारण नवशिक्याची थाळी कुठेही जाऊ शकते. पडलेली थाळी चालत जाऊन आणायची आणि हातात घेऊन परत यायचं. परत फेकायची नाही!

अमेरिकेचा अल ओर्टर हा खेळाडू १९५६, १९६०, १९६४ आणि १९६८ अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकला. शाळेत असताना एक थाळी त्याच्या पायाशी येऊन पडली आणि त्यानं ती परत फेकली तेव्हा सगळे थक्क झाले, अशी त्याची गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तुम्ही तसं करू नका. तुमच्यातला ओर्टर चालत जाऊनही सापडेल!

मैदान आखायची एक सोपी युक्ती सांगते. वर्तुळाचा व्यास अडीच मीटर. त्याच्या मध्यापासून २० मीटर लांबीचे दोन दोर पुढे ताणा आणि त्यांच्या टोकांत १२ मीटर अंतर ठेवा. झाला थाळी पडण्याचा नियमाप्रमाणे भाग तयार! थाळी या दोन दोरांच्या आत पडली तरच फेक धरायची. भूमितीच्या तासाला सरांना विचारा, हा कोन किती अंशांचा होतो. (उत्तर : ३४.९२ अंश.)

आणि ती मुलगी?

दिवाळीनंतर तिचे बाबा पुन्हा दुकानात गेले. या वेळी तीही बरोबर होती, आणि माझी चिठ्ठी. पण बाबांनी चिठ्ठीवर भागवलं नाही. त्यांनी हातगाडीवरचं १ किलोचं वजन खिशात घालून नेलं होतं! एका हातात वजन आणि एका हातात थाळी धरून त्यांनी तोलून पाहिली. मग दुकानातल्या काट्यावर ठेवून खात्री केली. तिनं पंजा पसरून बोटांची पेरं कडेवरून वळतात का ते बघितलं. रबराची, साधी, काळी थाळी. ती घेऊन दोघं बाहेर पडली.

हिवाळ्यातल्या स्पर्धेत ती पहिली आली, असं तुम्हाला ऐकायचं असेल. पण तसं झालं नाही. ती पाचवी आली. तिच्या तीन फेकींपैकी एकही बाद झाली नाही. तिसरी फेक झाल्यावर ती धावत माझ्याकडे आली. किती मीटर गेली, कितवा नंबर आला, त्यातलं काही नाही. ती म्हणाली, "बाई, पाहिलंत? या वेळी थाळी थरथरली नाही!"

पावसाळ्याआधी "मला नाही जमत" म्हणणारी हीच ती मुलगी.

आणि ती २ किलोची थाळी? ती आता माझ्या वर्गात खिडकीपाशी असते. तिच्या बाबांनीच ती वर्गाला दिली. दरवर्षी नव्या वर्गात कुणी "थाळीफेक करायचीय" म्हणालं की मी आधी ती त्याच्या हातात देते. हात खाली जातो. मग मी विचारते, "सांग बरं, हिच्यात काय चुकलं?"

तुम्हाला आता उत्तर माहीत आहे. थाळीत काहीच चुकलेलं नाही. ती फक्त दुसऱ्या कुणाची तरी आहे. तुमची थाळी वेगळी. ती शोधा, तोलून बघा, पंजा पसरून बघा. आणि पहिल्यांदा ती हवेत न थरथरता फिरेल ना, तेव्हा किती लांब गेली ते नंतर मोजा. आधी नुसतं बघत राहा!